तुकोबांवरची कादंबरी आणि बैठकीतून उठून गेलेल्या काकू

पत्र: आमच्या निगडीच्या सोसायटीत वाचनकट्टा चालतो. महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये चौदा-पंधराजण जमतो. या वेळी दि. बा. मोकाशी यांची ‘आनंदओवरी’ घेतली होती. बैठक सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तोच आयटीत काम करणाऱ्या एका मुलाने विचारले, “विमान वगैरे राहू दे, तुकारामांचं खरं काय झालं? खूनच झाला ना?” आमच्यातल्या एक काकू माळकरी आहेत, दर वर्षी वारीला जातात. त्या एक शब्द न बोलता पुस्तक मिटून निघून गेल्या. त्या रात्री ग्रुपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड सुरू झाले, दोघांनी ग्रुप सोडला. पुढच्या महिन्यात हीच कादंबरी पुन्हा घ्यावी की सोडून द्यावी? आमचे हे म्हणतात, देवाधर्माची पुस्तके कट्ट्यावर आणूच नका. कट्टा मी चालवते, पण माझे स्वतःचेच या बाबतीत काही ठरलेले नाही. मी ही चर्चा कशी चालवणार?
(एक वाचक, निगडी)

ताई,

कादंबरी सोडू नका. पुढच्या बैठकीला तीच घ्या. मात्र तारीख ग्रुपवर टाकण्याआधी काकूंच्या घरी जाऊन या. फोन नको, मेसेज तर नकोच. आणि गेल्यावर “तो लहान आहे, तुम्ही मनावर घेऊ नका” असे म्हणू नका. त्या एका वाक्यात तुम्ही त्या मुलाचा प्रश्न पोरकट ठरवता आणि काकूंचे दुखणे हळवेपणा ठरवता. दोन्ही खरे नाही. बैठकीत काय झाले ते तुम्हाला लागले आहे आणि त्यांच्यावाचून हे पुस्तक पुरे होणार नाही, एवढे सांगितले तरी चालेल. हे दुसरे नुसते मन राखण्यासाठी बोलायचे नाही. ते खरेच आहे. का, ते पुढे सांगते.

आधी तुमच्या यजमानांच्या सूचनेबद्दल. त्यांना वाटणारी भीती खोटी नाही. संतांवरच्या कादंबऱ्यांवरून महाराष्ट्रात निदर्शने झाली आहेत, पुस्तके मागे घ्यावी लागली आहेत, प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली आहेत. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हे नको, असे एखाद्याला वाटले तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण देवाधर्माचे पुस्तक घ्यायचे नाही असा नियम केला, तर मराठी माणसाच्या कपाटात उरते काय? लीळाचरित्र गेले, ज्ञानेश्वरी गेली, एकनाथांची भारुडे गेली, गाथा गेली. त्यांच्यावर पोसलेली अर्ध्याहून अधिक कविता आणि कादंबरी गेली. एवढे वगळून चालणारा कट्टा मराठी वाचनाचा राहणार नाही. आणि तुम्ही तर निगडीत राहता. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघालेली पालखी तुमच्याच रस्त्याने आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. जे दर वर्षी दारावरून जाते, त्याबद्दल घरात बोलायचे नाही, हे किती दिवस जमेल?

आता मूळ गोष्ट. तुमची बैठक मोडली ती श्रद्धा आणि तर्क यांच्या भांडणामुळे, असे तुमच्या पत्रातून दिसते. मला तसे वाटत नाही. ती मोडली, कारण पहिल्या दहा मिनिटांत पुस्तक बाजूला पडले. “तुकारामांचं खरं काय झालं?” हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वारकऱ्यांची श्रद्धा सदेह वैकुंठगमनाची आहे. इतरांनी इतर शक्यता मांडल्या आहेत. हा वाद ज्यांना वाचायचा असेल त्यांनी जरूर वाचावा, पण ती वेगळी पुस्तके आहेत आणि तो वेगळा महिना आहे.

‘आनंदओवरी’ १९७४ साली आली. ती सांगतो कान्हा, तुकोबांचा धाकटा भाऊ. मोकाशींनी केलेली ही निवड तुमच्या बैठकीचा पाया व्हायला हवी. त्यांना ही गोष्ट स्वतः तुकोबांच्या तोंडून सांगता आली असती, एखाद्या शिष्याच्या किंवा विरोधकाच्या तोंडून सांगता आली असती. त्यांनी मागे उरलेला भाऊ निवडला. कान्हा भावाला शोधतो आहे आणि शोधता शोधता सगळे आयुष्य आठवतो आहे: वडील बोल्होबा, आई कनकाई, विरक्त होऊन निघून गेलेला थोरला सावजी, दुकान, दुष्काळ, वाटणी. तुकोबा कुठे गेले हा प्रश्न त्याचाही आहेच. पण वाचताना मला सतत जाणवत राहतो तो दुसरा प्रश्न: घरातले माणूस देवाच्या वाटेने निघून जाते, तेव्हा घराचे काय होते? या प्रश्नाला आस्तिक-नास्तिक अशा बाजू नाहीत. काकूंनाही तो पडलेला असू शकतो आणि त्या मुलालाही.

काकूंकडे जाताना हेच घेऊन जा. त्यांच्या घरी गाथा असणारच. तुकोबांच्या गाथेत कान्होबांचेही, म्हणजे या कान्हाचेही, अभंग छापलेले असतात, ‘तुकयाबंधु म्हणे’ ही त्यांची खूण. त्यांतले तुकोबांच्या जाण्यानंतरचे अभंग त्यांना काढायला सांगा. “दुःखें दुभागलें हृदयसंपुट । गहिंवरें कंठ दाटताहे” असा त्यांतल्या एकाचा आरंभ आहे. पुढे कान्होबा भावाला विचारतात, तू आम्हाला असे वनात का टाकून दिलेस? मुले आक्रंदत आहेत, सोबत न्यायचे सामर्थ्य तुझ्यापाशी नव्हते का? या अभंगांमध्ये कान्होबा देवाशीही भांडतात. हे कुणा टीकाकाराने बाहेरून आणलेले नाही. वारकऱ्यांनी जपलेल्या, रोज डोक्याला लावलेल्या ग्रंथात हे लिहिलेले आहे. भक्त रागावतो, जाब विचारतो, रडतो, आणि हे सगळे गाथेत मावते.

म्हणून म्हटले, काकूंवाचून हे पुस्तक पुरे होणार नाही. मोकाशींनी कान्हाचा आवाज कुठून घेतला असेल, हे त्या अभंगांवाचून कळायचे नाही. आणि तुमच्या कट्ट्यावर ते अभंग चालीवर म्हणू शकेल, कोणत्या शब्दावर थांबायचे हे ज्याला ठाऊक असेल, असे माणूस बहुधा त्याच आहेत. “काकू, बैठकीच्या सुरुवातीला हे अभंग तुम्ही वाचाल का?” असे विचारा. नाही म्हणाल्या तर आग्रह नको. “बरं, मी वाचेन, पण चाल तुम्ही शिकवा” म्हणा. त्या आल्या नाहीत तरी अभंग वाचूनच बैठक सुरू करा.

त्या मुलालाही वेगळे भेटा. त्याला गप्प बसवायला जाऊ नका. त्याचा प्रश्न वाईट नव्हता. वेळ चुकली आणि “खूनच झाला ना?” या धाटणीत उत्तर आधीच ठरलेले होते. त्याला एवढे सांगा की ज्या माणसाबद्दल तो बोलत होता तो समोरच्या बाईच्या रोजच्या पूजेतला आहे. तिच्या घरातल्या माणसाच्या मृत्यूबद्दल कुणी विचारावे तसे ते तिला लागले. हे त्याला कळेल. आणि मग त्याला काम द्या. त्याला खरे काय घडले यात रस आहे ना? मग १६३० च्या सुमाराचा दुष्काळ त्याच्याकडे सोपवा. हा कादंबरीचा कणा आहे आणि इथे पुरावे भरपूर आहेत. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेत जे भयंकर पाहिले ते लिहून ठेवले आहे. शहाजहानच्या दरबारी इतिहासात, पादशाहनाम्यात, गुजरात आणि दख्खनच्या याच दुष्काळाचे वर्णन आहे. आणि तुकोबांनी स्वतः लिहिले आहे: “दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.” दहा मिनिटे त्याला द्या. इंग्रज प्रवासी, मोगल इतिहासकार आणि देहूचा वाणी एकाच आपत्तीबद्दल काय सांगतात, ते त्याने वाचून दाखवावे. ज्याला इतिहास हवा त्याला इतिहास मिळेल, आणि “अन्न अन्न करितां मेली” ही ओळ त्याच्या तोंडून ऐकताना काकूंनाही तो वेगळा दिसेल.

आता प्रत्यक्ष बैठक. अभंग झाले की लगेच कादंबरीत शिरू नका. प्रत्येकाला विचारा: तुमच्या मनातले तुकोबा आले कुठून? हा प्रश्न साधा आहे, पण उत्तरे ऐकण्यासारखी येतील. कुणाचे प्रभातच्या १९३६ च्या बोलपटातून आलेले असतील. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा म्हणजेच तुकाराम, असे कितीतरी मराठी माणसांच्या मनात बसलेले आहे. कुणाचे शाळेच्या पुस्तकातून, कुणाचे गावच्या कीर्तनातून, कुणाचे आजीच्या ओव्यांतून. शेवटी तुम्ही थोडी माहिती द्या: तुकोबा गेले १६५० साली. संतांची चरित्रे लिहिणाऱ्या महिपतींनी ‘भक्तलीलामृत’ लिहिले १७७४ साली, आणि आपण लहानपणापासून ऐकलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आल्या. त्यानंतर दोनशे वर्षांनी मोकाशी. प्रत्येक काळाने आपापले तुकोबा मांडले. कुणाचे खोटे, असा निवाडा करायला आपण जमलेलो नाही. आज या एका लेखकाने काय पाहिले, ते आपण बघतो आहोत. एवढे बोलून झाले की ज्याच्या मनातले तुकोबा कादंबरीहून वेगळे आहेत, त्यालाही आपले कुणी काही हिरावून घेतले असे वाटणार नाही.

मग चर्चा सुरू करा ती कर्जखतांच्या वाटणीपासून. शेवटच्या पानांपासून अजिबात नाही. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी: वडिलांच्या सावकारीची, लोकांकडून येणे असलेली खते घरात होती. तुकोबांनी कान्होबाला त्याची निम्मी दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत टाकली. आपण नेहमी पाण्यात गेलेल्या खतांबद्दल बोलतो. पण कान्होबाने आपली ठेवली, आणि तसे करण्यात त्याचे काय चुकले? घरात बायकामुले, दुष्काळातून कसेबसे सावरलेले दुकान, उद्याची चूल. सभोवतालच्या सगळ्यांना विचारा: तुम्ही कान्हा असता तर कोणती निम्मी घेतली असती? बँकेत नोकरी केलेले कुणी असेल, भावाशी वाटणीचा दावा चाललेले कुणी असेल, धंदा बुडालेले कुणी असेल. इथे लोक स्वतःच्या आयुष्यातून बोलू लागतील, आणि बोलण्यात मोठ्याने ओरडायची गरज उरणार नाही. माझ्या मते सबंध बैठक या एका प्रसंगावर खर्च झाली तरी चालेल.

वेळ उरला तर जिजाई, म्हणजेच तुकोबांची बायको आवली. आवली म्हटली की लोकांना कजाग बायको आठवते. कीर्तनात तिच्या नावावर हशा मिळतो, बोलपटानेही तिला तोंडाळ पण प्रेमळ असे रंगवले आहे. पण नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर, घरात पोरे, कोठीत दाणा नाही, आणि तरी भाकरी बांधून डोंगर चढणारी ही बाई. वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने येऊन काढला, ही आख्यायिका काकूंना नक्की माहीत असेल. मला ती फार अर्थाची वाटते: देव डोंगरावर ध्यानाला बसलेल्या भक्ताकडे गेला नाही, तो शिव्या देत भाकरी नेणाऱ्या बाईच्या पायाशी बसला. कादंबरीतली जिजाई आणि ही जिजाई शेजारी ठेवून बघा. आणि हेही बैठकीत कुणी तरी सांगायला हवे की तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती असे परंपरा सांगते. जन्मलेला मुलगा म्हणजे नारायण महाराज. त्यांनीच पुढे १६८५ साली पालखीची प्रथा घातली असे मानले जाते. म्हणजे जे तुमच्या दारावरून जाते, ते मागे उरलेल्या घरानेच उभे केले. बापाचे तोंड न पाहिलेल्या मुलाने बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या. या एका गोष्टीवर तुमच्या कट्ट्यातल्या बायका कितीतरी बोलतील, त्यांना बोलू द्या.

काही बारीकसारीक. “तुमचा विश्वास आहे का?” हा प्रश्न बैठकीत कुणी कुणाला विचारायचा नाही. कुणी आपणहून सांगितले तर ऐकायचे, त्यावर मत द्यायचे नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, आणि सगळ्यांना सांगा. फक्त त्या मुलाकडे बघून नको. श्रद्धेच्या बाजूनेही माणसे टोचून बोलतात, ते तुम्हाला ग्रुपवर दिसलेच असेल. “खरं काय झालं?” पुन्हा आलेच, तर “तो आपण वेगळ्या महिन्यात घेऊ” म्हणा आणि खरेच घ्या, टाळण्यासाठी बोलू नका. सदानंद मोरे यांचे ‘तुकाराम दर्शन’ १९९६ चे आहे. जाडजूड आहे, पण तुकोबांना गेल्या साडेतीनशे वर्षांत कुणी कुणी कसे वाचले, याचा एवढा विस्तृत धांडोळा दुसरीकडे मिळणार नाही. त्या मुलाला ते आतापासून वाचायला लावा.

व्हॉट्सअॅपवर या पुस्तकाबद्दल महिनाभर काहीही टाकायचे नाही, तारीख आणि वेळ सोडून. फॉरवर्ड पाठवणारा माणूस समोरच्याचा चेहरा बघत नाही. खोलीत बसून तेच वाक्य त्याच्या तोंडून निघाले नसते. ग्रुप सोडलेल्या दोघांना तुम्ही फोन करा, परत जोडण्याचा आग्रह न करता फक्त बैठकीचे आमंत्रण द्या. बैठकीचे चित्रण करू नका, कुणी मोबाइल लावला तर बंद करायला सांगा. घरच्या मंडळींत मोकळेपणाने बोललेले वाक्य तुकडा होऊन बाहेर गेले की त्याचे काय होते, ते आपण सगळे पाहतो आहोत. आणि बैठकीतून कुणी पुन्हा उठले तर त्यांच्यामागे धावू नका, त्यांना थांबवू नका, त्यांच्याबद्दल मागे कुणाला बोलू देऊ नका. दुसऱ्या दिवशी भेटा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिता की तुमचे स्वतःचे काही ठरलेले नाही, आणि हे तुम्ही एखादी उणीव असल्यासारखे लिहिता. मला हे वाचून तुमच्याबद्दल विश्वास वाटला. ज्याचे सगळे ठरलेले असते तो दुसऱ्याचे ऐकताना फक्त आपली पाळी यायची वाट बघतो. तुम्हाला दोघांचेही ऐकू येते. पण मध्ये बसून पंचगिरी करू नका. बैठकीत एकदा तरी तुमचे स्वतःचे बोला. विश्वास आहे की नाही हे नको. कादंबरीतल्या कोणत्या पानावर तुम्ही थांबलात, कोणते पुन्हा वाचलेत, कुठे कान्हाचा राग आला, कुठे तुकोबांचा आला. तुकोबांचा राग येऊ शकतो, हे चालवणाऱ्या बाईने आधी म्हटले की बाकीच्यांना धीर येतो. ज्यांना तो येत नाही, त्यांनाही बरे वाटेल असे म्हणता येते: कान्होबांनाही आला होता, आणि त्यांनी तो अभंगातच लिहिला.

पुढच्या वेळचे पुस्तक काकूंना निवडू द्या. त्यांना सुचले नाही तर मोकाशींचेच ‘पालखी’ सुचवा. मोकाशी स्वतः पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालले आणि त्यांनी ते लिहिले, १९६४ साली ते पुस्तक आले. दर वर्षी चालणाऱ्या काकू त्या वाटेवरचे कोणते मुक्काम ओळखतात, आता काय बदलले, लेखकाच्या नजरेतून काय निसटले, हे त्याच सांगू शकतील. त्या बैठकीत प्रश्न विचारायचे काम त्या मुलाकडे द्या.